टेलकडून वर : एक प्रस्तावना

नागपूरच्या रेल्वे वसाहतीत वाढलेल्या आमच्या पिढीच्या मुलांना कोलकाता कळण्याआधी गार्डन रीच कळले. बदलीचा हुकूम तिथून यायचा, बढती तिथे अडायची, पासाची तक्रार तिथे जायची. वडील ऑफिसातून तोंड पाडून आले की आई एवढेच विचारायची, "गार्डन रीचहून काही आलं का?" घरातले कोणी तिथे गेले नव्हते. मला वाटायचे, कुठल्या तरी मोठ्या साहेबाच्या बागेचे ते नाव असावे, आणि तो साहेब त्या बागेत बसून आमच्या क्वार्टरचे भाडे ठरवत असावा.

पुढे कळले की हे अगदीच खोटे नव्हते. 'रीच' म्हणजे नदीचा दोन वळणांमधला सरळ पट्टा. कोलकात्याच्या दक्षिणेला हुगळीच्या अशा पट्ट्यावर कंपनीच्या साहेबांनी अठराव्या शतकात बागबंगले बांधले, म्हणून ते गार्डन रीच. १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली. नागपूर ते राजनांदगावची जुनी मीटरगेज लाइन तिने घेतली, रुंद केली, पूर्वेकडे नेली आणि १९०० च्या सुमारास ती हावड्याला पोहोचवली. या कंपनीचे मुख्यालय पुढे गार्डन रीचला आले. १९४४ मध्ये सरकारने तिचा कारभार हाती घेतला. १९५५ पासून ती दक्षिण पूर्व रेल्वे झाली, पण पत्ता तोच राहिला. २००३ मध्ये बिलासपूरचा वेगळा झोन निघाला, नागपूर डिव्हिजन त्यात गेले आणि आमच्या स्वयंपाकघरांतून गार्डन रीच हा शब्द उठला.

हा लेखसंग्रह युद्धानंतरच्या पुनर्रचनेविषयी आहे. बेचिराख झालेला प्रदेश पुन्हा उभा करायचा तर आधीच्या प्रादेशिक विकासाच्या प्रयोगांतून काय घ्यावे, काय टाकावे, हा त्याचा प्रश्न. एका अभ्यासवर्गात वाचलेल्या टिपणांतून तो तयार झाला आहे. लेखांत जर्मनी आहे, जपान आहे, कोरिया आहे, इराक आहे. मला प्रस्तावना लिहायला सांगितली तेव्हा मी अनुक्रमणिका दोनदा पाहिली. जिथे युद्ध येऊन गेले, पुनर्रचनेची योजना आखली गेली, तिच्यासाठी कायदा झाला, धरणे झाली आणि त्यातून काय निघाले हे आज स्वच्छ दिसते, असा आपल्या देशातला प्रदेश त्यात नव्हता. तो दामोदर खोऱ्याचा. त्या खोऱ्याकडे मी धरणाच्या भिंतीवर उभा राहून पाहणार नाही, गार्डन रीचच्या घाटावरून पाहणार आहे.

यालाही कारण आहे. आपल्याकडे कालव्याचे पाणी ज्यांनी पाहिले आहे त्यांना 'टेल' हा शब्द सांगावा लागत नाही. पाटाच्या तोंडाशी ज्याची जमीन, त्याचा ऊस. टेलला ज्याची जमीन, तो पाळीची वाट बघत चारी कोरून ठेवतो, आणि पाळी सुटते तेव्हा पाणी त्याच्या आधीच्या चार गावांत जिरते. नकाशावर मात्र दोघेही लाभक्षेत्रात. योजना कागदावर काय होती आणि जमिनीवर किती उतरली याचा जाब टेलवाल्याइतका चोख दुसरा कोणी देऊ शकत नाही. दामोदरच्या योजनेचे असे टेल म्हणजे गार्डन रीच.

युद्ध आधी सांगतो. बंगालवर शत्रूने कब्जा केला नाही, पण युद्ध तिथे पोहोचले. २० डिसेंबर १९४२ ला कोलकात्यावर पहिले जपानी बॉम्ब पडले. ५ डिसेंबर १९४३ ला भरदिवसा खिदिरपूरच्या गोद्यांवर हल्ला झाला आणि शेकडो माणसे मेली. त्यांतले बहुतेक गोदीतले हमाल आणि मजूर होते. गार्डन रीचच्या किनाऱ्यावरल्या वर्कशॉपात तेव्हा दिवसरात्र जहाजांची दुरुस्ती चालू होती.

बंगालचे खरे कंबरडे मात्र बॉम्बने मोडले नाही. १९४२ मध्ये जपानी सैन्य किनाऱ्याने उतरेल या धास्तीने सरकारने किनारी जिल्ह्यांतल्या, दहापेक्षा जास्त माणसे वाहणाऱ्या होड्या काढून घ्यायचे किंवा मोडायचे ठरवले. नोंदलेल्या सुमारे ६६ हजार होड्यांपैकी ४५ हजारांच्या आसपास अशा निकामी झाल्या. ज्या मुलखात रस्ता म्हणजे नदी आणि बैलगाडी म्हणजे होडी, तिथे हे घडले. कोळी मासे धरायला जाऊ शकेना, कुंभाराची मडकी बाजारात जाईनात, खाडीपलीकडच्या शेतात पेरायला माणूस पोहोचेना. त्याच सुमारास भाताचे साठेही उचलले गेले, ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, ऑक्टोबरात मेदिनीपूरला चक्रीवादळ झाले. पुढल्या वर्षीचा दुष्काळ सर्वांना माहीत आहे. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा अंदाज १५ लाख दिला, नंतरच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला.

या होड्या मी मुद्दाम आधी मांडल्या. युद्धानंतर बंगालसाठी ज्या योजना आखल्या गेल्या त्यांत धरणे होती, वीज होती, कारखाने होते. कोळ्याला त्याची होडी परत देणे हे कोणत्याही मोठ्या योजनेचे शीर्षक झाले नाही. मोडले काय याची यादी करण्याआधी बांधायचे काय याची यादी तयार होती. पुढच्या लेखांत ही खोड वाचकाला वारंवार भेटेल.

आता दामोदर. १७ जुलै १९४३ ला, दुष्काळ ऐन भरात असताना, वर्धमानजवळ दामोदरचा डावा बांध फुटला. ग्रँड ट्रंक रोड पाण्याखाली गेला, रेल्वेचा मुख्य मार्ग तुटला आणि कोलकाता कित्येक आठवडे उत्तर हिंदुस्थानापासून जवळपास वेगळे पडले. ब्रह्मदेशच्या आघाडीला रसद पुरवणारे शहर असे कापले गेले म्हणून दिल्ली हलली. पूर दामोदरला नवे नव्हते, 'बंगालचा शोक' हे तिचे जुनेच नाव. वर्धमानच्या महाराजांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यावर मेघनाद साहा होते. साहा भौतिकशास्त्रज्ञ, पण नद्यांवर त्यांनी वर्षानुवर्षे लिहिले होते. त्यांच्यासमोर नमुना होता अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याचा. १९४४ मध्ये टेनेसीचे एक ज्येष्ठ अभियंते, व्हूर्डविन, इथे आले आणि त्यांनी दामोदरसाठी आठ धरणांची प्राथमिक योजना मांडली. दहा लाख क्युसेकचा पूर आला तरी तो आवरायचा, असा तिचा हिशेब होता.

इथे आपल्याला ओळखीचा माणूस भेटतो. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात जुलै १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर मंत्री होते, आणि त्या खात्याकडे पाटबंधारे व वीजही होती. मराठी वाचकाला घटनाकार आंबेडकर माहीत आहेत, रुपयाच्या प्रश्नावर लिहिणारे अर्थशास्त्रज्ञ थोडेफार माहीत आहेत. युद्धोत्तर पुनर्रचनेच्या समित्यांवर बसून नद्यांच्या फाइली वाचणारे आंबेडकर आपण जवळजवळ विसरलो आहोत. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीज आणि सार्वजनिक बांधकामाच्या धोरण समितीसमोर ते बोलले. ३ जानेवारी १९४५ ला कोलकात्यात बंगाल, बिहार आणि केंद्र यांच्या प्रतिनिधींची दामोदर परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली झाली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा. नोव्हेंबरमध्ये कटकला ओडिशाच्या नद्यांवर परिषद झाली. तिथे त्यांनी मांडलेला विचार आजही ताजा आहे. पुराच्या पाण्याला शत्रू समजून बांध घालत बसण्यापेक्षा ते साठवून ठेवण्याजोगे धन समजा. आपल्याकडे पाणी जास्त होऊन जितकी हानी होते त्याहून जास्त ते वाहून गेल्याने होते.

दामोदरबाबत त्यांचा आग्रह दोन गोष्टींचा होता. योजना केवळ पुराची नको, सिंचन, वीज आणि जलवाहतूक एकत्र हवी. आणि ती चालवायला सगळ्या खोऱ्याचा अधिकार असलेली एक संस्था हवी, कारण नदी प्रांताची हद्द ओळखत नाही. ज्या माणसाने महाडच्या तळ्यावर पाण्याचा हक्क मागितला, त्याने पाणी वाटणारी संस्था कोणाला जबाबदार असावी हा प्रश्न आधी विचारावा यात मला आश्चर्य वाटत नाही.

आंबेडकरांनी १९४६ मध्ये पद सोडले. अशा संस्थेचे विधेयक संविधान सभेच्या विधिमंडळात मांडून तडीस नेले तेही पुण्याच्या माणसाने, बांधकाम, खाणी व वीज मंत्री काकासाहेब गाडगीळ यांनी. ७ जुलै १९४८ ला दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले. स्वतंत्र भारतातले पहिले बहुउद्देशीय नदीखोरे महामंडळ. गार्डन रीचचा उल्लेख त्या चर्चांत मला कुठे भेटला नाही, आणि तो नसणे स्वाभाविकही वाटते. टेलला कोण विचारतो?

टेनेसीविषयी थोडे सांगायला हवे, कारण जगभरचे पुनर्रचनेचे आराखडे त्याच साच्यातून निघाले. मे १९३३ मध्ये रूझवेल्ट यांनी टेनेसी खोरे प्राधिकरणाचा कायदा केला. पण त्या प्राधिकरणाचे बीज युद्धातच होते. पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी नायट्रेट हवे म्हणून अलाबामात मसल शोल्स इथे कारखाना आणि धरण सुरू झाले. युद्ध संपले, धरण १९२४ मध्ये पुरे झाले आणि याचे करायचे काय यावर दहा वर्षे वाद चालला. प्राधिकरण म्हणजे युद्धाच्या त्या उरलेल्या सामानाला दिलेला नवा धंदा. त्याच कारखान्यात शेतकऱ्यांसाठी खताचे प्रयोग झाले, उजाड उतारांवर झाडे लावली गेली, सहकारी संस्थांमार्फत शेतघरांत वीज गेली. प्राधिकरणाची कचेरी वॉशिंग्टनला न ठेवता खोऱ्यातच ठेवली होती. सगळे गोड नव्हते: नॉरिस हे त्यांचे आदर्श गाव फक्त गोऱ्यांसाठी होते. दुसऱ्या महायुद्धात तर तिथली वीज ॲल्युमिनियमला आणि ओक रिजच्या अणुबॉम्बच्या कामाला गेली.

साचा उचलताना आपण काय उचलले? भिंती उचलल्या. तिलैया १९५३, कोनार १९५५, मैथन १९५७, पंचेत १९५९. आठ ठरली होती, महामंडळाने बांधली चार. मैथन आणि पंचेतला पूर साठवायला लागणारी जमीनही पूर्ण संपादन झाली नाही, म्हणजे भिंती उभ्या राहिल्या तरी त्यांच्यामागचे भांडे अर्धे रिकामे ठेवावे लागले. कचेरी खोऱ्यात न जाता कोलकात्यात राहिली. अधिकार म्हणाल तर केंद्र, बिहार आणि पश्चिम बंगाल हे तीन मालक. कालवे आणि दुर्गापूरचा बंधारा पुढे राज्याकडे गेले, वीज महामंडळाकडे राहिली. ज्या हाताने पाणी सोडायचे आणि ज्या हाताने ते वाटायचे ते हात वेगळे झाले. महामंडळ हळूहळू कोळशावर वीज करणारी कंपनी बनले. पुराचा दोष कोणाचा यावर दर पावसाळ्यात राज्य आणि महामंडळ भांडतात. सप्टेंबर २०२४ च्या पुरानंतर पश्चिम बंगाल सरकारने तिथले आपले प्रतिनिधीही काढून घेतले. आंबेडकरांना जी एक संस्था हवी होती तिचे हे शहात्तराव्या वर्षीचे चित्र.

पंचेतच्या उद्घाटनाची एक हकिकत आहे. नेहरूंनी स्वतः कळ न दाबता धरणावर काम करणाऱ्या एका संथाळ मजूर मुलीला पुढे केले. तिने कळ दाबली, टाळ्या झाल्या. त्याआधी तिने नेहरूंच्या गळ्यात हार घातला होता. परपुरुषाला हार घातला म्हणजे लग्न झाले असे मानून तिच्या समाजाने तिला वाळीत टाकले. काही वर्षांत महामंडळातली नोकरीही गेली. एका समारंभाच्या फोटोसाठी जिला उभे केले तिच्या गावात फोटोनंतर काय होईल, हे विचारायला कोणी नव्हते. ही हकिकत अपवादात्मक म्हणून मी सांगत नाही. विस्थापितांची खाती उघडून पाहिली तर तेच सापडते.

आता टेल. दामोदर हुगळीला मिळते ती गार्डन रीचच्या खाली, समुद्राच्या बाजूला, फाल्ताच्या समोर. पण गोदीकडे येणाऱ्या प्रत्येक जहाजाला ते तोंड ओलांडूनच वर यावे लागते. कोलकाता बंदर समुद्रापासून सुमारे दोनशे किलोमीटर आत आहे आणि त्या वाटेवरचे गाळाचे दांडे नाविकांना शतकानुशतके छळत आले आहेत. दामोदर-रूपनारायणाच्या संगमाजवळच्या दांड्याला तर १६९४ मध्ये बुडालेल्या एका जहाजाचेच नाव आहे, जेम्स अँड मेरी. पश्चिम बंगालमधले अभियंते कपिल भट्टाचार्य यांनी तेव्हाच सांगितले होते की दामोदरचा पावसाळी लोंढा अडवलात तर खालच्या पात्रातला गाळ धुवायला कोणी उरणार नाही आणि कोलकाता बंदर गुदमरेल. वरच्या खोऱ्यात जो पूर संकट होता तोच खाली झाडूवाला होता. त्यांचे ऐकले गेले नाही. पुढे हुगळीत पाणी सोडण्यासाठी फराक्काचा बंधारा आला, तेव्हाही त्यांनी विरोध केला आणि त्यांना पाकिस्तानचा हस्तक म्हणण्यापर्यंत मजल गेली. फराक्का १९७५ मध्ये सुरू झाले, समुद्राजवळ हल्दियाची गोदी १९७७ मध्ये. मोठी जहाजे खालीच थांबू लागली. खिदिरपूरची १८९२ ची गोदी आणि तिच्या शेजारची, आता नेताजींचे नाव असलेली गोदी आजही चालतात, पण ज्या डौलाने बांधल्या होत्या त्या डौलाने नाही. बंदराच्या उतरणीला गाळ हे एकच कारण नव्हते हे मान्य. फाळणीने तागाचा मुलूख तोडला, तेही आहेच. पण वरच्यांनी आखलेल्या योजनेत खालच्या माणसाला काय मोजावे लागेल याचे खाते उघडलेच गेले नव्हते, एवढे नक्की.

त्या योजनेत एक कलम तर खास गोदीसाठी होते. दुर्गापूरपासून हुगळीवरच्या त्रिवेणीपर्यंत सुमारे १३७ किलोमीटरचा कालवा होड्या चालतील असा खोदला गेला. कोळसा खाणीपासून पाण्याने बंदरापर्यंत यायचा होता. कालवा आहे. होड्या कधी फारशा चालल्या नाहीत.

हा साचा दामोदरवरच थांबला नाही. अफगाणिस्तानच्या हेल्मंड खोऱ्यात एका अमेरिकी कंपनीने १९४६ पासून काम घेतले, १९५२ मध्ये टेनेसीच्या धर्तीवर प्राधिकरण झाले, १९५३ मध्ये कजाकी धरण उभे राहिले. जमिनीत निचरा नव्हता, त्यामुळे सिंचनाबरोबर पाणथळ आणि खारवट जमीन आली. आपल्याकडे नीरा-प्रवरेच्या काठी ज्यांनी क्षारपड रान पाहिले आहे त्यांना हे समजायला तज्ज्ञ लागणार नाही. १९६५ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी व्हिएतनामवर बॉम्ब टाकत असतानाच मेकाँगवर टेनेसीहून मोठे काही उभारण्याचे वचन दिले. आणि २००८ मध्ये ब्रिटिश सैन्याने हजारो सैनिकांच्या पहाऱ्यात कजाकीला एक टर्बाइन पोहोचवले. ते बसवायला लागणारे सिमेंट मागून पोहोचू शकले नाही आणि यंत्र कित्येक वर्षे खोक्यांतच पडून राहिले. इराकवरचा लेख वाचताना हे टर्बाइन लक्षात ठेवावे.

एक गोष्ट मराठी माणसाने कबूल करायला हवी. १९५० च्या दशकात केंद्राने भाडे समानीकरणाचे धोरण आणले: पोलाद देशात कुठेही घ्या, भाव सारखा. हेतू उदात्त, मागासलेल्या भागांतही कारखाने निघावेत. प्रत्यक्षात बिहार-बंगालला खाणींच्या जवळ असण्याचा जो नैसर्गिक फायदा होता तो गेला आणि फायद्यात राहिलो आपण, मुंबई-पुणे-ठाण्याचा पट्टा. खोऱ्याला धरण आणि वीज एका हाताने दिली, आणि त्या विजेवर कारखाना तिथेच निघावा याचे कारण दुसऱ्या हाताने काढून घेतले. हे धोरण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालले. महाराष्ट्राच्या औद्योगिक कर्तृत्वाविषयी आपण अभिमानाने बोलतो तेव्हा या सवलतीचा उल्लेख राहून जातो.

मग गार्डन रीचला काय टिकले? याचे उत्तर मला घाटावरून आत, मटियाबुर्जच्या गल्ल्यांत सापडते. १८५६ मध्ये अवध खालसा झाले आणि नवाब वाजिद अली शाह कोलकात्याला आले. १८५७ चे बंड पेटले तेव्हा इंग्रजांनी त्यांना फोर्ट विल्यममध्ये अडकवले, सुटल्यावर ते मटियाबुर्जला राहिले. तिकडे लखनौचा मोठा भाग इंग्रजांनी सुरक्षिततेच्या नावाखाली पाडून टाकला. इकडे नवाबांच्या वर्षाला बारा लाखांच्या तनख्यावर एक लहान लखनौ उभे राहिले: गवई, बावर्ची, पतंगवाले, कबुतरवाले आणि शिंपी. नवाब १८८७ मध्ये वारले. योगायोग असा की बंगाल नागपूर रेल्वेही त्याच साली निघाली. त्यांची मालमत्ता मोडीत निघाली, बंगले गेले. त्यांतले काही पुढे रेल्वेच्या वापरात आले असे सांगतात. पण शिंपी राहिले. आज मटियाबुर्ज देशातल्या तयार कपड्यांच्या मोठ्या बाजारांपैकी एक आहे. 'उस्तागर' म्हणजे कारखाना चालवणारा कारागीर-मालक, त्याच्या हाताखाली घरोघरी शिलाई, आणि आठवड्याच्या हाटात देशभरचे व्यापारी. या बाजाराची योजना कोणत्याही समितीने आखलेली नव्हती.

याची जोडीची गोष्ट आपल्या दारात आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत ठेवले गेले, एका लाखाच्या आसपास माणसे. ऑगस्ट १९४९ मध्ये राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. पापड-लोणच्यापासून सुरुवात करून त्या बराकींनी जीन्सचा बाजार उभा केला. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद ठाणे जिल्ह्यात माहीत नसलेला माणूस विरळा. मटियाबुर्ज आणि उल्हासनगर, दोन्ही विस्थापितांची, दोन्ही शिवणकामाची, दोन्ही सरकारी आराखड्याबाहेर वाढलेली. पुनर्रचना करायची तर मोडलेल्या मुलखातून निघालेल्या माणसांच्या हातात काय कसब आहे ते आधी पाहावे, हे या दोन गावांइतके कोणी पटवून देत नाही.

पण मला या गल्ल्यांचे गोडवेही गायचे नाहीत. मार्च २०२४ मध्ये गार्डन रीचला बांधकाम चालू असलेली एक पाचमजली इमारत शेजारच्या झोपड्यांवर कोसळली आणि दहाहून अधिक माणसे मेली. उल्हासनगरच्या इमारतींचे स्लॅब कोसळल्याच्या बातम्या आपण वाचतोच, आणि जीन्स धुण्याच्या रंगाने वालधुनी नदीचे काय झाले तेही. कसब आपोआप वाढते. गटार, जिना, परवाना या गोष्टी आपोआप होत नाहीत. दामोदरला अधिकारी होते, माणसे विचारात घेतली नव्हती. मटियाबुर्जला माणसे होती, त्यांच्याकडे बघायला अधिकारी आला नाही.

या दोहोंच्या मधले काही घडले का? थोडे घडले. जुलै १९४५ मध्ये, आंबेडकरांच्याच खात्याखाली, सैन्यातून सुटणाऱ्या जवानांना आणि युद्धकामगारांना काम मिळावे म्हणून सेवायोजन कार्यालये उघडली. आपण ज्याला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणतो, ज्याचे कार्ड आमच्या पिढीने खिशात जपले, ते मुळात युद्धोत्तर पुनर्रचनेचे साधन. फाळणीनंतर ती निर्वासितांच्याही उपयोगी पडली, १९४८ पासून सर्वांसाठी खुली झाली. पुढे त्यांचे रांगेचे कारखाने झाले तो भाग वेगळा. दुसरे उदाहरण घाटावरच आहे. १८८४ मध्ये नदीतल्या आगबोटींच्या दुरुस्तीसाठी निघालेले गार्डन रीचचे वर्कशॉप १९६० मध्ये सरकारने घेतले, त्याच वर्षी मुंबईचा माझगाव डॉकही. १९६१ मध्ये स्वतंत्र भारतात बांधलेली पहिली युद्धनौका, आयएनएस अजय, गार्डन रीचहून निघाली. २०१९ मध्ये तिथली शंभरावी युद्धनौका नौदलाला मिळाली. आगबोटींचा धंदा संपला, बंदर आकसले, पण वेल्डर, फिटर, ड्राफ्ट्समन पिढ्यान्‌पिढ्या त्या किनाऱ्यावर राहिले, कारण एक संस्था त्यांना सतत काम देत राहिली. ती युद्धाचे काम देते हे मला बोचते, पण ते सांगायला हवे.

लेखांविषयी फार बोलत नाही, ते स्वतः बोलतात. मार्शल योजनेवरच्या लेखात पैशाचे आकडे आहेत, पण ज्या देशांत तो पैसा गेला तिथे अभियंते, कारकून, नगरपालिका आधीच होत्या हे लेखकाने नीट दाखवले आहे. कोरियावरचा लेख मला सगळ्यांत आवडला. जपानवरचा थोडा भाविक वाटला. युक्रेन आणि गाझा यांवर स्वतंत्र लेख नाहीत, कारण तिथली युद्धे चालू असताना योजना सुचवणे संपादकांना अवघड वाटले. मला त्यांचे म्हणणे पटत नाही. १९४४ मध्ये, युद्ध चालू असतानाच, मुंबईच्या उद्योगपतींनी पंधरा वर्षांची दहा हजार कोटींची योजना मांडली होती, आणि दामोदरचा अहवालही तेव्हाच लिहिला गेला. चुकीच्या योजना युद्ध चालू असतानाच ठरतात, मग त्यांच्यावरची टीका तरी का थांबवायची?

वाचकाला एकच विनंती. पुस्तक वाचताना जवळ नकाशा ठेवा, आणि प्रत्येक लेखातली नदी, रेल्वे किंवा सडक बोटाने शेवटपर्यंत नेऊन पाहा. ती जिथे संपते त्या गावाचे नाव लेखात आले आहे का, ते बघा. आले नसेल तर समासात पेन्सिलीने लिहून ठेवा.